प्रीगाबालिन ७५: ‘नसांची गोळी’ खरी, पण कुठल्या नसांची?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशीपासून पनवेलपर्यंत, कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर तासभर उभं राहिलं तर एक मागणी हमखास कानावर पडते: “ती नसांची गोळी द्या हो.” बहुतेकदा मागणाऱ्याच्या मनात असते ती प्रीगाबालिनची ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल. कधी एकटी, कधी मिथाइलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्वाचं एक रूप) जोडलेली, कधी नॉरट्रिप्टिलिनबरोबर (नैराश्याचं जुनं औषध, नसांच्या दुखण्यावरही देतात). हा रिव्ह्यू त्या कॅप्सूलचा आहे, कुठल्या एका कंपनीच्या ब्रँडचा नाही.

मत आधीच सांगून टाकतो. ठरावीक दुखण्यांसाठी औषध चांगलं आहे. पण ती दुखणी मोजकी आहेत आणि औषध मात्र सरसकट दिलं-घेतलं जातं. अर्धा घोळ भाषेचा आहे. मराठीत रक्तवाहिनीलाही नस आणि मज्जातंतूलाही नसच. शीर म्हटलं तरी तेच. त्यामुळे पोटरीवर निळ्या गाठी आलेल्या मावशी ‘शिरा फुगल्यात’ म्हणून हीच गोळी मागतात, रात्री पोटरीत गोळा येणारे काका ‘नसेवर नस चढते’ म्हणून हीच मागतात, आणि एमआरआयचा कागद घेऊन आलेला तरुण ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणून. तिघांचं दुखणं खरं, पण या गोळीचं काम तिघांकडेही नाही. तिसऱ्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

नेमकं काम कशावर

दुखणं दोन जातींचं असतं. गुडघा झिजला, पाय मुरगळला, जखम झाली तर नस फक्त निरोप्याचं काम करते. बिघाड दुसरीकडे असतो आणि नस तो मेंदूला कळवते. दुसऱ्या जातीत निरोप्याच बिघडलेला असतो. जखम नाही, सूज नाही, तरी नस सारखी ‘आग लागली’ म्हणून कळवत राहते. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं आणि बाहेर कोणी नसताना बेल वाजतच राहावी, तसं. प्रीगाबालिन ते बटण मोकळं करत नाही, आवाज कमी करतं. नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत येण्याच्या ज्या वाटा असतात, त्यांच्या अल्फा-२-डेल्टा नावाच्या भागाला ते चिकटतं. कॅल्शियम कमी शिरलं की दुखण्याचा निरोप पुढे नेणारी रसायनंही कमी सुटतात. नावात ‘गाबा’ असलं तरी मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाच्या जागांवर ते थेट काम करत नाही. ते नाव रचनेतल्या साम्यामुळे पडलंय.

या दुसऱ्या जातीचं दुखणं ओळखायला रुग्णाचे शब्दच पुरतात. जळजळ, आग, मुंग्या, करंट बसल्यासारखं, सुया टोचल्यासारखं, चादरीचा नुसता स्पर्शही नको होणं. ‘ठणकतं’, ‘जड झालंय’, ‘वाकलं की दुखतं’ हे शब्द आले तर गोळीचा विचार जरा बाजूला ठेवलेला बरा.

अमेरिकेत हे औषध डिसेंबर २००४ मध्ये लिरिका या नावाने मंजूर झालं, ते दोन कामांसाठी: मधुमेहामुळे होणारं पायांच्या नसांचं दुखणं आणि नागीण बरी झाल्यावर मागे राहणारं दुखणं. पुढे फिट्सच्या काही प्रकारांत जोड औषध म्हणून, २००७ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी (अंगभर सतत दुखत राहणारा आजार) आणि २०१२ मध्ये मज्जारज्जूला इजा झाल्यानंतरच्या दुखण्यासाठी मंजुरी मिळाली. युरोपात ते सततच्या चिंतेच्या आजारावरही चालतं. म्हणून चिठ्ठीवर प्रीगाबालिन दिसलं की रुग्णाला मधुमेहच असेल असं घरच्यांनी गृहीत धरू नये.

आपल्याकडे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मधुमेहाचं. दुखणं दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतं, मोजा चढवावा तसं वर सरकतं आणि रात्री वाढतं. तळपायाची आग इतकी की माणूस लादीवर पाय टेकवून बसतो. इथे गोळी उपयोगी आहे, पण एक गोष्ट चिठ्ठीबरोबर फारशी सांगितली जात नाही. ही गोळी आग कमी करते, बधिरपणा नाही. सुन्न पाय सुन्नच राहतो. आग थांबल्यावर माणसाला वाटतं पाय सुधारला, आणि तोच पाय पावसाळ्यात ओल्या बुटात दिवसभर भिजतो, चप्पल चावते, फोड येतो, कळतच नाही. गोळी सुरू झाली की रोज रात्री तळवा आरशात बघण्याची सवयही सुरू व्हायला हवी. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ‘लागतंय का’ विचारतात, ती तपासणी पाच मिनिटांची असते. झाली नसेल तर मागून घ्यावी.

आणखी एक. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं तरी पायांना मुंग्या येतात. दोन्ही दुखणी दिसायला जवळजवळ सारखी. त्यामुळे बी-१२ ची रक्ततपासणी गोळी सुरू करण्याआधी करावी. मिथाइलकोबालामिन असलेली गोळी महिनाभर खाऊन मग तपासणी केली तर आकडा चढलेला येतो आणि मुळात कमतरता होती का, ते कळण्याची वाट बंद होते.

नागिणीचं गणित वेगळं आहे. नागीण शरीराच्या एका बाजूला, एका पट्ट्यात उठते. दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो ही समजूत खोटी आहे, पण तिच्या भीतीने निदान लोक लवकर तरी दाखवायचे. आता लेप लावत आठवडा घालवतात. विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर तिचा सर्वांत जास्त फायदा होतो, आणि त्यासाठी डॉक्टर गाठायचा तो पहिल्याच दिवशी. प्रीगाबालिनची पाळी नंतर येते. फोड सुकले, खपल्या पडल्या, तरी तीन-तीन महिने बनियनचा स्पर्श सहन होत नाही, तेव्हा. या दुखण्यावर औषधाचा पुरावा चांगला आहे. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. महाग आहे. तरी ज्यांनी घरात हे दुखणं पाहिलंय त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

एक तपासणी आपल्या भागात विसरून चालणार नाही. मुंग्या-बधिरपणाबरोबर अंगावर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर आधी कुष्ठरोगाची शंका घ्यायची. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि वेळेत झाला तर हाताची बोटं वाकडी होत नाहीत. नुसती नसांची गोळी खात राहिल्याने तिथे फक्त वेळ जातो.

कशासाठी पैसे घालवू नयेत

आता ‘मणक्यात गॅप’. वाशीच्या एपीएमसीत गोण्या वाहणारा माथाडी असो की ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत आठ तास खुर्चीत बसणारा, कमरेतून कळ निघून पोटरीपर्यंत गेली की त्याच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा प्रीगाबालिन येतं. युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो: गादी सरकली, नस दबली, म्हणजे दुखणं नसेचं. पण हे तपासून पाहिलं गेलंय. ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या, म्हणजे याच कंबर-ते-पाय कळीच्या, २०९ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोजचे १५० मिलिग्रॅम ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत, आठ आठवडे. शेवटी पायाचं दुखणं शून्य ते दहाच्या मापावर प्रीगाबालिन घेणाऱ्यांचं ३.७ आणि नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांचं ३.१ निघालं. म्हणजे फायदा नाही, चक्कर मात्र जास्त. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०२० पासून सायटिकासाठी हे औषध देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. दबलेल्या नसेचं दुखणं पुष्कळदा काही आठवड्यांत आपसूक उतरतं, आणि तेवढ्यात जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळतं. चिठ्ठीवर सायटिकासाठी ही गोळी आली तर डॉक्टरांना सरळ विचारावं: “हिचा मला नेमका काय उपयोग, आणि किती दिवस?” आधीपासून बराच काळ चालू असेल तर मात्र हे वाचून उद्यापासून बंद करू नये. का, ते शेवटी.

नुसतं कंबर आखडणं, गुडघेदुखी, टाचदुखी, पायात गोळे येणं, फुगलेल्या निळ्या शिरा यांसाठी ही गोळी नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला दात घासताना, वारा लागताना विजेसारखी कळ येते त्या दुखण्याला पहिलं औषध कार्बामॅझेपिन. केमोथेरपीनंतर हातापायांना मुंग्या येतात, तिथे जास्त पुरावा ड्युलॉक्सेटिनच्या बाजूचा आहे. लघवीची जळजळ होते म्हणून ‘जळजळ’ या एका शब्दावर गोळी मागणारेही भेटतात. त्यांनी लघवी तपासावी.

पाकिटावर काय वाचायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, आणि त्याला एक शेपूट जोडलेलं असतं. साधारणपणे ‘एम’ म्हणजे मिथाइलकोबालामिन, ‘एनटी’ म्हणजे नॉरट्रिप्टिलिन, ‘डी’ म्हणजे ड्युलॉक्सेटिन, ‘एसआर’ किंवा ‘सीआर’ म्हणजे हळूहळू सुटणारी. पण हा नियम नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने शेपूट लावते. म्हणून शेपटावर विसंबू नये. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘प्रत्येक कॅप्सूलमध्ये’ असा मजकूर असतो, तो वाचावा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करावा.

फरक नुसता नावाचा नाही. ‘एम’मधलं जीवनसत्त्व बी-१२ कमी असेल तर उपयोगाचं, नसेल तर खिशाला भार, पण इजा नाही. ‘एनटी’ची गोष्ट वेगळी. १० मिलिग्रॅम नॉरट्रिप्टिलिननेही प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब वाढू शकतो, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना ते चालेलच असं नाही. “साधी नाहीये, एनटीवाली देऊ का? तीच गोळी आहे” असं काउंटरवरून आलं तर उत्तर ‘नको’. ती तीच गोळी नाही.

दुसरी चूक कात्रीची. पाच गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कापून मिळते, आणि मुदतीची तारीख, बॅच आणि कधीकधी ७५ की १५० हा आकडासुद्धा नेमका दुकानातल्या तुकड्यावर राहतो. घरी आल्यावर हातात नुसती चंदेरी पट्टी. १५० ची कॅप्सूल ७५ समजून खाल्ली तर वयस्कर माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोकांड्या खातो. पहिल्यांदा घेताना पूर्ण स्ट्रिप आणि बिल घ्यावं. तुकडाच घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो दुकानातच काढून ठेवावा.

साठवण सोपी आहे. बाथरूमच्या कपाटात नको, स्वयंपाकघरात गॅसजवळ नको. इथल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत डबीत काढून ठेवलेली कॅप्सूल मऊ पडते, एकमेकींना चिकटते. मिथाइलकोबालामिनला तर उजेडही बाधतो. गोळी खायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची.

चिठ्ठीशिवाय हे औषध मिळू नये असा नियम आहे. तो पाळणारं मेडिकल कटकटीचं वाटतं, पण याच औषधाच्या नशेसाठीच्या वापरामुळे पंजाबच्या काही जिल्ह्यांत विक्रीवर बंधनं आणावी लागली, आणि ब्रिटनने २०१९ मध्ये त्याला नियंत्रित औषधांत टाकलं. बिल आणि चिठ्ठी मागणाऱ्या दुकानाला आमच्याकडून एक तारा जास्त.

मात्रा: आकडा किडनी ठरवते

परदेशी पुस्तकात ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग आठवड्याभरात रोजचे ३०० असं सुरू करतात. आपल्याकडे अनुभवी डॉक्टर रात्री एक, ७५ ची, आणि साठीपुढे २५ किंवा ५० पासून सुरू करतात. ते शहाणपणाचं आहे. चक्कर आणि गुंगी मात्रेबरोबर वाढते, आणि पहिल्याच रात्री जास्त मात्रा गेली की रुग्ण ‘मला ती झेपत नाही’ म्हणून कायमचा सोडतो.

हे औषध यकृतात जवळजवळ मोडत नाही, ९० टक्क्यांहून जास्त जसंच्या तसं लघवीतून जातं. म्हणजे यकृताच्या रुग्णाला सोपं, किडनीच्या रुग्णाला अवघड. आणि किडनी ‘ठीक आहे’ हे लॅबच्या नुसत्या क्रिएटिनीनवरून (किडनी बाहेर टाकते त्या टाकाऊ द्रव्याचा रक्तातला आकडा) ठरवणं फसवं असतं. किडनी प्रत्यक्षात किती गाळते (क्रिएटिनीन क्लिअरन्स) त्याचा हिशेब असा: १४० मधून वय वजा करा, वजनाच्या किलोंनी गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनीन याने भागा. बाई असेल तर आलेल्या आकड्याला ०.८५ ने गुणा.

सत्तर वर्षांच्या, ५० किलोच्या आजी, क्रिएटिनीन १.४. रिपोर्टवर आकडा थोडासाच वर, कोणी फार लक्ष देत नाही. ७० गुणिले ५० म्हणजे ३५००. खाली ७२ गुणिले १.४ म्हणजे १००.८. उत्तर ३४.७, आणि ०.८५ ने गुणल्यावर २९.५. आता तक्ता बघा. ६० च्या वर असेल तर दिवसाची कमाल मात्रा ६०० पर्यंत जाऊ शकते, ३० ते ६० असेल तर ३००, १५ ते ३० असेल तर १५०, त्याखाली ७५. आजी १५०च्या खान्यात आहेत. त्यांना सकाळ-संध्याकाळ १५० लिहिलं गेलं तर ती त्यांच्यासाठी कमाल मात्रेच्या दुप्पट होते. मग ‘आई दिवसभर झोपते, बोलताना जीभ जड होते’ ही तक्रार येते, घरचे म्हातारपणाला दोष देतात. डायलिसिसवर असणाऱ्यांची मात्रा डायलिसिसच्या दिवसांप्रमाणे ठरते. ते काम किडनीतज्ज्ञाचंच (नेफ्रॉलॉजिस्ट).

वेळेचंही थोडं पाहा. रिकाम्या पोटी कॅप्सूल साधारण एक-दीड तासात रक्तात चढते, जेवणानंतर तीन तासांच्या आसपास. एकूण औषध तितकंच शोषलं जातं. ज्यांची आग रात्री अकरा-बाराला पेटते त्यांनी साडेआठ-नऊला जेवणानंतर घेतली की वेळ जुळते, आणि चक्करही जरा सौम्य येते. हळू सुटणारी गोळी मात्र रात्रीच्या जेवणानंतरच घ्यायची, उपाशीपोटी ती पूर्ण शोषली जात नाही. ती तोडायची किंवा चावायची नाही.

पहिला आठवडा आणि त्यानंतर

चाचण्यांमध्ये साधारण ३० टक्के लोकांना चक्कर आली, निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना. झोपाळूपणा २३ टक्के विरुद्ध ८. म्हणजे त्रास होणं नवलाचं नाही, पण होईलच असंही नाही. बऱ्याच जणांचा तो पहिल्या काही दिवसांत कमी होतो. तोवर घोडबंदरला दुचाकी काढू नये, रिक्षा चालवणाऱ्याने गोळी सुरू करायला सुट्टीचा दिवस निवडावा, आणि ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहू नये. घरातल्या वयस्कर माणसाचा खरा धोका रात्री दोनला बाथरूमला उठताना असतो. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उठायचं, आणि वाटेत छोटा दिवा चालू ठेवायचा.

झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल हे दुखण्याचं जोरकस औषध, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि दारू, यांच्याबरोबर ही गोळी श्वास मंदावू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये यावर खास इशारा दिला. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेले आणि वृद्ध यांना धोका जास्त. ‘एकच पेग’ हा अपवाद नाही.

पाय सुजणं आणि वजन वाढणं हे उशिरा दिसणारे त्रास. सुमारे ९ टक्के लोकांचं वजन ७ टक्के किंवा जास्त वाढलं, तीन-साडेतीन महिन्यांच्या आत. ७० किलोच्या माणसाला हे जवळजवळ पाच किलो. मधुमेहात वजन उतरवायचा सल्ला आणि ही गोळी एकाच चिठ्ठीवर असतात, म्हणून दर पंधरवड्याला काट्यावर उभं राहावं. मधुमेहाच्या गोळीत पायोग्लिटाझोन आहे का तेही बघावं. तीन औषधं एकत्र असलेल्या स्वस्त गोळ्यांत ते बऱ्याचदा असतं. नुसत्या पायोग्लिटाझोनसारख्या औषधाने ३ टक्क्यांना, नुसत्या प्रीगाबालिनने ८ टक्क्यांना, दोन्हींनी मिळून १९ टक्क्यांना पायावर सूज आली. सूज दिसल्यावर तिसरी गोळी, लघवीची, सुरू होते. त्याआधी पहिल्या दोघींची चौकशी व्हावी. हृदय कमकुवत असलेल्यांनी तर सूज, धाप दिसताच दाखवावं.

मूल हवं असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना आधी सांगावं. पहिल्या तिमाहीत प्रीगाबालिन घेतलेल्या मातांच्या १०० बाळांत सुमारे ६ जणांत जन्मजात दोष दिसला, न घेतलेल्यांत सुमारे ४. मनात आत्मनाशाचे विचार येऊ लागले किंवा मन अचानक उदास झालं तर त्याच दिवशी दाखवायचं, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. चेहरा-ओठ सुजले तर थेट कॅज्युअल्टीला. दुष्परिणाम कळवायला सरकारी टोल-फ्री क्रमांकही आहे: १८००-१८०-३०२४.

आराम किती

२०१५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो की सुमारे आठ जणांना प्रीगाबालिन दिलं तर निरुपद्रवी गोळीच्या तुलनेत एका जास्त माणसाचं दुखणं निम्म्यावर येतं. ऐकायला कमी वाटतं, पण नसांच्या दुखण्यात सगळीच औषधं कमी-अधिक याच रांगेत आहेत. जुनं, स्वस्त ॲमिट्रिप्टिलिन आकड्यांत पुढे आहे, फक्त तोंड कोरडं, बद्धकोष्ठ आणि म्हातारपणी घोटाळे जास्त. त्यामुळे ‘पूर्ण थांबेल’ ही अपेक्षा ठेवून सुरू करू नये. दहापैकी आठ असलेलं दुखणं चारवर आलं आणि रात्री सलग झोप लागली तर औषधाने आपलं काम केलं.

दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर भिंतीवर असतंच. त्यावर रोज झोपताना शून्य ते दहा असा आकडा टाकायचा, गोळी सुरू होण्याआधीचे चार दिवसही. पूर्ण मात्रेवर साधारण चार आठवडे गेले आणि आकडा हलला नाही, तर मात्रा वाढवत बसण्यापेक्षा औषध बदलण्याची चर्चा करावी. तीन दिवसांत सोडून देणं आणि तीन वर्षं विचार न करता खात राहणं, दोन्ही सारखंच वाया.

गॅबापेंटिन या याच कुळातल्या जुन्या औषधाशी तुलना विचारली जाते. काम तेच, वाट तीच. पण गॅबापेंटिनची मात्रा वाढवत गेलं की आतडं त्यातलं कमी-कमी प्रमाणात शोषतं: रोजच्या ९०० मिलिग्रॅमपैकी सुमारे ६० टक्के, ३६०० पैकी सुमारे तिसरा हिस्सा. म्हणून ते तीनदा घ्यावं लागतं आणि हिशेब सरळ राहत नाही. शिवाय ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं तर त्यानंतर दोन तास थांबून गॅबापेंटिन घ्यायचं. प्रीगाबालिनला ही भानगड नाही. किमतीत साधी ७५ ची कॅप्सूल जेनेरिकमध्ये चांगलीच स्वस्त पडते, जनऔषधी केंद्रात विचारावी. डॉक्टरांनी मिश्रण लिहिलं असेल तर ‘साधी प्रीगाबालिन चालेल का’ हा एक प्रश्न महिन्याचं बिल कमी करू शकतो.

बंद करताना

वर सायटिकावाल्यांना थांबवलं ते याच कारणासाठी. औषध रक्तात साधारण सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे रोजची सवय झालेल्या शरीराला एक-दोन दिवसांचा खंडही जाणवतो. गणपतीला गावी गेले, स्ट्रिप ठाण्यातच राहिली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री झोप नाही, घाम, मळमळ, छातीत धडधड, अंगात अस्वस्थता. घरचे प्रवासाचा त्रास म्हणतात. फिट्ससाठी गोळी चालू असेल तर फिट येण्याचाही धोका. निघताना जितके दिवस तितक्या गोळ्या अधिक चार, हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

कायमची सोडायची तर निदान आठवडाभर घेऊन उतरवायची. बरेच महिने चालू असेल तर आणखी सावकाश. आठवड्याला रोजच्या मात्रेतून ५० ते १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काढू नये असा ब्रिटनमधला सल्ला आहे. ७५ ची कॅप्सूल त्यात नेमकी बसते: दिवसाला ३०० असेल तर २२५, १५०, ७५ आणि मग बंद, प्रत्येक पायरीवर एक आठवडा. आधी सकाळची काढायची, रात्रीची शेवटी. मध्ये एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच आणखी आठवडाभर थांबायचं. वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. एखादी मात्रा विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम नाहीत.

उरलेली स्ट्रिप शेजारच्या काकूंच्या पायांसाठी ठेवू नये, त्यांची किडनी कशी आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. कॅप्सूल स्ट्रिपमधून काढून, ओल्या चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात टाकाव्यात, आणि रिकामी पट्टी कात्रीने कापून.